टोकण यंत्राची चोच आणि न नांगरलेलं सोयाबीन: दोन खरिपांनंतर

आधी तक्रार. ढकलायचं टोकण यंत्र, गोल ड्रमला बारा चोची असलेलं, ऐन पेरणीत बसलं. मोडलं नाही, तुंबलं. चोच ओल्या काळ्या मातीत घुसते, बी टाकते आणि वर येताना तोंडात मातीचा बोळा घेऊन येते. पुढच्या फेरीला तो बोळा बुचासारखा घट्ट. चाक फिरत राहतं, आवाज तोच येतो, हाताला काही जाणवत नाही. आठवड्यानं उगवण झाली की ओळीत हातहातभर तुटाळ दिसते. मग नांग्या (रिकाम्या जागा) भरायला पुन्हा बियाणं, पुन्हा मजूर, आणि मागून लावलेली झाडं शेवटपर्यंत मागंच.

दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "दादा, चिखल वॉरंटीत येत नाही." एका चोचीची स्प्रिंगही गेली होती. ती सुटी मिळत नाही, ड्रमच बदलावा लागेल! शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्यानं कुठल्यातरी जुन्या मशीनची स्प्रिंग बसवली आणि वर एक पत्र्याची पट्टी जोडून दिली. चोच वर आली की पट्टी माती खरवडून काढते. चहाच्या पैशात झालं काम. यंत्र बनवणाऱ्याला हे सुचू नये?

रान लातूर जिल्ह्यातल्या औसा भागातलं, भारी काळं, सोयाबीनवर हरभरा. २०२४ च्या उन्हाळ्यात साडेचार फुटी बेड (गादीवाफे) पाडले, ते परत मोडायचे नाहीत. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी (सगुणा राईस टेक्निक), म्हणजे कायमच्या बेडवर न नांगरता पेरायची पद्धत, बहुतेकांना माहीत आहे, सगळी सांगत बसत नाही. पद्धत मूळची कोकणातल्या भातासाठी. तिच्यात लोखंडी साचा दाबून भोकं पाडतात आणि हातानं बी टाकतात. साचा तुंबत नाही हे खरं, पण पेरणीच्या आठवड्यात तेवढी माणसं आणायची कुठून? म्हणून यंत्र घेतलं.

पहिलं वर्ष धरतच नाही, कारण बेड पाडताना रान उकरलंच होतं. खरी परीक्षा २०२५ ला. मे महिन्यातच पाऊस असा लागून राहिला की शेजाऱ्यांना ट्रॅक्टर रानात घालता येईना. पाळ्या राहिल्या, रोटाव्हेटर राहिला. माझे बेड तयार. नांगरट, रोटाव्हेटर, पाळी मिळून एकरी चारेक हजार वाचले आणि बियाणं तिफणीच्या निम्म्याच्या आसपास लागलं. चोच तुंबली नसती तर मी गावभर पेढे वाटले असते.

जुलैपर्यंत माझं मत होतं की हे तंत्र हलक्या, मुरमाड रानाचं आहे, आपलं काम नाही. सप्टेंबरनं ते बदललं. तो पाऊस मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. ओढ्याकडची पट्टी माझीही गेली. बाकीच्या रानात मात्र सरीतलं पाणी निघून जायचं आणि बेडवरची झाडं हिरवी राहायची. शेजारच्या सपाट रानात पाणी तुंबून पिवळी पडली. पण याचं श्रेय बेडला. बीबीएफवर (रुंद वरंबा-सरीवर) नांगरून पेरलं असतं तरी बराचसा निचरा असाच झाला असता. न नांगरण्याच्या खात्यावर हे जमा करू नका, व्हॉट्सॲपवर करतात तसं.

न नांगरल्याचा फायदा फावड्यानं ढेकूळ काढल्यावर दिसला. २०२४ च्या सोयाबीनचं सोटमूळ आत तसंच उभं होतं, काळं, कुजून पोकळ. त्याच्या नळीतून यंदाचं पांढरं मूळ सरळ खाली गेलेलं. मुळांवरच्या गाठी चिरल्या तर आत गुलाबी, म्हणजे नत्राचं काम चालू. ढेकूळ बोटानं दाबलं की रव्यारव्यानं फुटतं, रोटाव्हेटरच्या रानातल्यासारख्या सपाट खपल्या निघत नाहीत. काळी जमीन तशीही भेगा पाडून स्वतःला नांगरून घेते. त्यात जुन्या मुळांच्या नळ्या मिळाल्या की पाणी आत जायला आणखी वाट होते.

माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब मात्र तिथंच, अर्ध्या टक्क्याच्या आत. एवढ्यात तो हलतही नाही, पहिल्याच वर्षी दुप्पट झाल्याचं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. त्यात सोयाबीनचा पाला पातळ आणि नत्राचा, लवकर कुजणारा. उन्हाळ्यापर्यंत बेड उघडा पडतो. पुढं एखाद्या बेडवर ज्वारी किंवा मका घेऊन धसकटं ठेवावी म्हणतो. पण आच्छादन वाढलं की शंखी गोगलगायी वाढतात, आणि २०२२ ला त्यांनी आमच्या भागात काय केलं ते पाहिलंय.

तणाचं सांगतो. पेरणीआधी तणनाशक मारावं लागलं, उगवणीनंतर इमॅझेथापायर हे दुसरं तणनाशक. बिननांगरणी म्हणजे बिनफवारणी नव्हे. केना हे तण दोन्हींतून वाचलं. पेरापेरातून फुटतं, आणि त्याला जमिनीखालीसुद्धा फुलं येऊन बी धरतं. खुरपणीला जे गेलं ते वाचलेल्या मशागतीतून वजा करा. उतारा शेजाऱ्यापेक्षा बरा पडला, पण २०२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५३२८ होता आणि बाजारातला भाव त्याखाली, म्हणून हिशेबाची फुशारकी मारत नाही.

यंत्र घेणार असाल तर सुटी चोच आणि स्प्रिंग मिळते का ते पैसे देण्याआधी विचारा. हरभऱ्याचं बी सोडणारा रोलर वेगळा लागतो, तोही तेव्हाच घ्या. आणि वरचा थर वाफशावर (ना ओला चिकट, ना कोरडा) आल्याशिवाय काळ्या रानात घालू नका, भले शेजाऱ्याची पेरणी उरको.

सध्या हरभऱ्याला घाटे धरलेत. तो विळ्यानं कापायचा, मुळं रानातच ठेवायची. आमच्याकडं हरभरा उपटायची सवय, त्यामुळं कापणीला टोळी एकरी पाचशे जास्त मागतेय. मी तीनशेवर अडलोय.