जीजीप्लॉट२ मधले गटवार आयतालेख: नऊ महिने वापरल्यावर

माझं काम माती परीक्षणाच्या आकड्यांचं. सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश, आणि प्रत्येक नमुन्यापुढे तालुक्याचं नाव. 'कोणत्या तालुक्यात सामू कसा पसरलाय' हा आमचा रोजचा प्रश्न. नऊ महिन्यांपूर्वी एक्सेल सोडून आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आणि त्यातलं आलेख काढायचं जीजीप्लॉट२ पॅकेज घेतलं. आता मागे फिरणार नाही. पण पहिल्याच महिन्यात माझी जी फसगत झाली ती आधी सांगते.

फिलला, म्हणजे पट्ट्यांच्या रंगाला, तालुका दिला, आयतालेखाची (हिस्टोग्रामची) आज्ञा जीऑम हिस्टोग्राम लिहिली, छान रंगीत आलेख आला. अहवालात घातला. वरिष्ठांनी विचारलं, "ह्या तालुक्याचे आठच्या वर इतके नमुने? एवढे तर आपण गोळाच केले नव्हते." खरंच नव्हते. वेगळं काही सांगितलं नाही, तर हे पॅकेज गट एकावर एक रचतं. वरच्या रंगाची पट्टी शून्यापासून उभी राहत नाही, खालच्या रंगाच्या माथ्यावर बसते. मी मात्र अक्षावरून थेट उंची वाचत होते.

मग पोझिशन 'आयडेंटिटी' केली, म्हणजे सगळ्या पट्ट्या शून्यापासून, एकमेकींवर पडलेल्या, आणि पारदर्शकतेचा अल्फा ०.५. दोन गटांना हे चालतं. पाच तालुक्यांचे रंग एकमेकांत मिसळून नुसता राडा होतो.

खरा उपाय फॅसेट रॅप, म्हणजे प्रत्येक गटाला वेगळी चौकट, आणि त्यात एनकॉल (स्तंभांची संख्या) १. आयतालेख एकाखाली एक येतात, क्ष-अक्ष सगळ्यांचा एकच, नजर सरळ खाली उतरते आणि कोणता गट उजवीकडे सरकलाय ते लगेच कळतं. एनकॉल दिलं नाही तर तीन गट शेजारी शेजारी मांडले जातात आणि हीच तुलना अवघड होते. करून बघायचं असेल तर २०२५ च्या आर ४.५ पासून पेंग्विनची माहिती आरमध्येच आहे: ३४४ पक्षी, तीन जाती. पंखांच्या लांबीचा एकत्र आयतालेख काढा, दोन उंचवटे दिसतील. जातवार वेगळे केले की उजवीकडचा उंचवटा जेंटू जातीचा निघतो. चिनस्ट्रॅप जातीचे ६८ च असल्यामुळे बिचारे बुटके दिसतात. अशा वेळी य-अक्षावर संख्येऐवजी आफ्टर स्टॅट वापरून डेन्सिटी (घनता) घ्यावी, म्हणजे प्रत्येक गटाचं क्षेत्रफळ १ होतं.

वर्गांतराकडे, म्हणजे एका पट्टीच्या रुंदीकडे, दुर्लक्ष करू नका, हे मी कळकळीने सांगते. आपण काही दिलं नाही तर ३० वर्ग पडतात आणि पॅकेज तसा इशाराही देतं. आमचा सामू एका दशांश स्थळापर्यंतच नोंदवलेला. ३० वर्गांत वर्गांतर ०.१ पेक्षा लहान झालं आणि आलेखाला फणीसारख्या फटी पडल्या. जमिनीत तसं काहीच नव्हतं. बिनविड्थ (वर्गांतर) ०.२ आणि बाउंड्री (एक वर्गसीमा) ०.०५ दिल्यावर एकही मोजमाप वर्गाच्या सीमेवर पडेना.

आरचं मूळ हिस्ट फंक्शन लूपने प्रत्येक गटावर चालवूनही हे होतं, पण वर्गसीमा आपण दिल्या नाहीत तर प्रत्येक गटाला वेगळ्या पडतात, मग तुलना कसली? दीपायन सरकार यांचं लॅटिस पॅकेज मला इथे जास्त शहाणं वाटतं: एका ओळीत गटवार आयतालेख, तेही मुळातच टक्केवारीत.

मराठी नावांनी मात्र छळलं. साध्या पीडीएफमध्ये देवनागरी उमटेना. रॅग पॅकेजने पीएनजी (चित्राची फाइल) काढायला लागल्यापासून जोडाक्षरंही नीट येतात, अहवाल त्यावरच चाललेत.