दहा-बारा गाईंचा गोठा आणि मुरघास : खड्डा की बॅग?

रोज पहाटे घास-मका कापून आणायला मजूर मिळत नाही, म्हणून दहा-बारा गाईंचे गोठेसुद्धा आता मुरघासावर, म्हणजे बारीक कापून, दाबून, हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यावर आले आहेत. करायचा की नाही, यावर वाद उरलेला नाही. अडतं ते साठवायचा कशात, इथे.

हिशेबाला बसलं तर खड्डा उजवा दिसतो, आणि मोठ्या गोठ्याला तो उजवा आहेच. बांधकाम एकदाच करायचं, टनामागे खर्च कमी, ट्रॉली थेट आत रिकामी होते आणि ट्रॅक्टर फिरवून दाब चांगला बसतो. बॅगेला आतलं लायनर, म्हणजे विणलेल्या पोत्याच्या आतली प्लास्टिकची पिशवी, बहुधा दरवेळी नवं घ्यावं लागतं, भरायला माणसं जास्त लागतात आणि पायांनी तुडवून ट्रॅक्टरइतका दाब येत नाही. शिवाय जागा. दहा गाईंना सहा महिन्यांसाठी 500 किलोच्या सत्तरेक बॅगा होतात. त्या एकदा भरल्या की हलवत नाहीत, कारण ओढताना लायनर फाटतं.

तरीही माझं मत बॅगेकडे झुकलं, ते खड्ड्याच्या तोंडामुळे.

खड्डा उघडला की समोरची अख्खी बाजू हवेत येते. तिथून रोज निदान अर्धा फूट थर निघायला हवा, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तेवढा निघाला नाही तर हवा आत शिरते, यीस्ट वाढतं, मुरघास तापतो आणि मागोमाग बुरशी धरते. तोंडात हात कोपरापर्यंत घातल्यावर आत गरम लागलं, तर उचल कमी पडतेय असं समजावं. आता आकडे मांडून बघा. नीट दाबलेला मुरघास घनफुटाला साधारण 16 किलो भरतो. दहा गाईंना प्रत्येकी 20 किलो म्हणजे रोजचे 200 किलो, साडेबारा घनफूट. रोज अर्धा फूट थर काढायचा तर तोंड 25 चौरस फुटांचंच हवं : 5 फूट रुंद, 5 फूट उंच. पण 45 एचपीचा ट्रॅक्टर मागच्या चाकांशी 6 फुटांच्या आसपास असतो, आणि भिंतीकडेचा माल दाबायचा तर खड्डा 8 फूट तरी रुंद लागतो. 8 बाय 5 च्या तोंडातून रोज 320 किलो निघाला पाहिजे. तो खायला सोळा गाई हव्यात. खड्डा अरुंद केला तर ट्रॅक्टर आत जात नाही, आणि माणसांनीच तुडवायचा तर खड्ड्याचा मोठा फायदा हातचा गेला.

हा त्रास एका दिवसाचा नाही, हेच मला सलतं. रोज ताडपत्री सारायची, वर दाबाला ठेवलेले टायर उचलायचे, वरचा काळपट थर बाजूला टाकायचा, पुन्हा झाकायचं. आणि बुरशीचा माल ‘थोडाच आहे’ म्हणून गव्हाणीत जाता कामा नये. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष गाईच्या पोटातून दुधात उतरतं.

500 किलोची बॅग दहा गाई अडीच दिवसांत संपवतात. तापायला वेळच मिळत नाही. दुसरी गोष्ट चारा बारीक कापणाऱ्या कुट्टी यंत्राची. ऐन भरणीत पातं तुटलं किंवा लाइट गेली, तर अर्धा भरलेला खड्डा उघडा पडून राहतो. बॅगेच्या बाबतीत भरलेल्या तेवढ्या बांधून टाकता येतात, उरलेला मका रानात उभा राहू द्यायचा. काळ्या रानात, पाणी वर येत असेल तिथे जमिनीतल्या खड्ड्याचा विचारही करू नये. बांधायचाच तर जमिनीवर, तळाला उतार देऊन.

बॅगेचा खरा शत्रू उंदीर आणि घूस. कावळेही चोच मारतात. करंगळीएवढं भोक पडलं तरी आत भोवतालचा माल पांढरा पडतो, म्हणून दोन बॅगांमध्ये हात जाईल एवढी फट ठेवा, आठवड्याला फेरी मारा आणि भोक दिसताच चिकटपट्टी लावा. बॅगा सावलीत हव्यात. उन्हाने बाहेरचं विणकाम कुजतं.

भरताना कुट्टी अर्धा ते पाऊण इंच. दाणा निम्मा चिकात, निम्मा घट्ट झाला की कापणी. मूठ दाबून सोडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर राहिला तर ओल बरोबर आहे. पाणी निथळलं तर कापलेला मका थोडा सुकू द्या. थर सहा इंचांचे, आणि आधी कडेने तुडवा. मध्ये सगळेच नाचतात, कड पोकळ राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. लायनरचं तोंड हवा काढून पिळा, दुमडा, बांधा, वर वाळूचं पोतं ठेवा. पहिल्या दिवसांत बॅग जरा फुगली तरी भोक पाडू नका, ती आंबण्याची हवा असते. 45 दिवसांआधी उघडायची घाई नको.

सोळा-सतरा दुभत्या गाई कायम असतील, तर माझं मत बाजूला ठेवून खड्डा बांधायला हरकत नाही. त्याखाली बॅगच सोपी जाईल असं वाटतं. आणि खड्डा आधीच बांधलेला असेल तर तो मोडू नका. तो थंडीत उघडा, तेव्हा तोंड सावकाश तापतं, आणि एप्रिल-मेसाठी वीस-पंचवीस बॅगा वेगळ्या भरून ठेवा.