अस्वलासाठी घेतलेलं दहा एमएम पिस्तूल : आठ महिने छातीवर वागवल्यानंतर

आधीच सांगून टाकतो, या आठ महिन्यांत मी एकाही अस्वलावर गोळी झाडलेली नाही. तरी लिहायला बसलोय, कारण हे पिस्तूल वापरणं म्हणजे बहुतेक वेळ ते नुसतं अंगावर वागवणं असतं, आणि त्याबद्दल दुकानात कोणी चकार शब्द काढत नाही.

मी अलास्कात, अँकरेजला राहतो. काम मोऱ्या मोजण्याचं. घरातल्या नव्हे, रस्त्याखालच्या. त्यांच्यातून सामन मासे वर चढू शकतात का, ते बघायचं. म्हणजे ओढा, डोक्याइतकं उंच गवत, मासे, पाण्याचा खळखळाट आणि मी खाली मान घालून टेप धरून बसलेला. अस्वलाला आमंत्रण द्यायला आणखी काय हवं? राज्यात तपकिरी अस्वलं साधारण ३०,००० आणि काळी एक लाखाच्या घरात. मी मूळचा बुलढाण्याचा. ज्ञानगंगेच्या बाजूच्या गावात अस्वलाने तोंड फाडलेला एक म्हातारा लहानपणी बघितला होता, तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आपल्याकडे अस्वलाची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे आणि बंदुकीचा परवाना म्हणजे कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या. इथे ग्रीन कार्ड, एक फॉर्म, पार्श्वभूमीची तपासणी, आणि मी वीस मिनिटांत दुकानाबाहेर. परवान्याशिवाय बाळगायला २००३ पासून मुभा आहे. इतकं सोपं असल्यामुळेच पहिली खरेदी चुकली.

पहिली खरेदी म्हणजे जुनी, चार इंची नळीची .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर. सगळे म्हणाले, अस्वल म्हणजे चव्वेचाळीस. ताकदीत खोट नाही, तीनशे ग्रेनची (वीसेक ग्रॅमची) गोळी हजारावर फूट-पाउंड ऊर्जा घेऊन जाते. पण पॉटर मार्श या दलदलीलगतच्या रॅबिट क्रीक नेमबाजी रेंजवर दुसऱ्यांदा सहा भरल्या, तेव्हा माझे डोळे चाप ओढायच्या आधीच मिटायला लागले. मनगट दोन दिवस दुखलं. सराव नकोसा झाला की बंदूक कितीही मोठी असो, ती शोभेचीच. तोटा सोसून विकली. तिची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. अस्वल अंगावर असताना नळी त्याच्या अंगात खुपसून चाप ओढला तरी रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटते. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) तशा वेळी मागे ढकलली गेली तर ते गप्प बसतं.

मग ग्लॉक २० घेतलं, दहा एमएमचं. मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, भरल्यावर वजन सव्वा किलोच्या आत. ग्रीनलँडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवर फिरणारी डेन्मार्कची सिरियस गस्त ध्रुवीय अस्वलांसाठी हेच बाळगते, हे कळल्यावर जरा धीर आला. धक्का आहेच, पण दुसरी गोळी मी पुन्हा कागदावर लावू शकतो. चव्वेचाळीसने ते कधी जमलं नाही.

गोळीच्या निवडीत मात्र माझे दोन महिने गेले. माणसांपासून बचावासाठी विकतात ती पोकळ टोकाची गोळी आत शिरताच फुलते आणि थांबते. अस्वलाला चरबी, जाड स्नायू आणि उतरती कवटी. तिथे फुलणारी गोळी नको, खोल जाणारी हवी. म्हणून कडक शिशाची, चपट्या टोकाची, २०० ते २२० ग्रेनची. अँटिमनी आणि कथील मिसळून शिसं कडक करतात. २२० ग्रेनची गोळी १२०० फूट प्रति सेकंदाने सुटली तर ऊर्जा सातशे फूट-पाउंडच्या आसपास. शिकारीची .३०-०६ रायफल पावणेतीन हजारांपलीकडे जाते, म्हणजे पिस्तूल हा तडजोडीचाच मामला. ज्यांना शिकारच करायची आहे त्यांनी माझा हा लेख सोडून द्यावा. ते शंभर मीटरवरून, टेकू घेऊन, स्वतःच्या सवडीने चाप ओढतात. कोडियाक बेटावरच्या मोठ्या अस्वलांना .३७५ एच अँड एच रायफल नेतात. माझ्याकडे सवड नसते आणि हातात टेप असते.

मी घेतलेल्या पहिल्या कंपनीच्या वीस काडतुसांपैकी तीन चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशीच अडकली. चाळीस डॉलरचा डबा! आमच्या ऑफिसातला साठीचा सर्व्हेअर शेजारी उभा होता. तो म्हणाला, "थोडा दोष गोळीचा, थोडा तुझ्या मनगटाचा. ढिलं धरतोस." मनगट घट्ट केलं, कंपनी बदलली, त्यानंतर दीडशे गोळ्या विनातक्रार गेल्या. आणखी एक गोष्ट पेटीतल्या पुस्तिकेत छापलेली असूनही कोणी वाचत नाही : ग्लॉकच्या मूळ नळीत उघड्या शिशाची गोळी वापरू नका, असं कंपनीच सांगते. शिसं नळीत साचतं आणि दाब वाढतो. मी वेगळी नळी बसवली आणि लेप दिलेल्या गोळ्या घेतो. रेंजवरून आल्यावर हात धुतल्याशिवाय पोरीला उचलत नाही, हे बायकोने घालून दिलेलं कलम.

आता होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान. कमरेचं होल्स्टर वेडर (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची विजार) घातल्यावर निरुपयोगी, पाठपिशवीचा पट्टा त्यावरच बसतो. म्हणून छातीवरचं घेतलं. टायमर लावून घरी रिकाम्या पिस्तुलाचा सराव केला. पहिल्या दिवशी साडेतीन सेकंद, आता दोनच्या आत. अस्वल ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरने येतं, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. हिशोब तुम्हीच करा.

आणि तरीही जुलैत इथल्याच रशियन रिव्हर नदीवर काय झालं? लाल सामनचा हंगाम, झिमझिम पाऊस. मी सकाळी रेनकोटची चेन गळ्यापर्यंत ओढली होती. समोरच्या झुडपातून मादी आणि दोन पिल्लं बाहेर आली, वीस-बावीस मीटरवर. हात छातीकडे गेला आणि बोटांना लागला ओला रेनकोट. पिस्तूल त्याच्या आत, चेनच्या आड. त्या क्षणी ते घरी कपाटात असतं तरी फरक पडला नसता. अस्वलावर मारायच्या तिखट स्प्रेचा डबा मात्र कमरेला, बाहेर होता. तो काढला, चुकून फवारू नये म्हणून असलेली क्लिप ओढली, "हे बेअर, हे बेअर" म्हणत मागे सरकत राहिलो. तिने मान वर केली, हवा हुंगली, वाळूवर पडलेला माशाचा सांगाडा तोंडात धरला आणि पिल्लांना घेऊन वरच्या अंगाला निघून गेली. फवारावंही लागलं नाही. नंतर ती क्लिप परत बसवायला मला दोन्ही हात आणि बराच वेळ लागला.

आकडे आधी वाचले होते, पटले त्या दिवशी. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटनांच्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वल ९२ टक्के वेळा थांबवलं. बंदुकांवरच्या २०१२ च्या अभ्यासात हँडगन ८४ टक्के आणि लांब बंदुका ७६ टक्के यशस्वी ठरल्या. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाद घालू नये, स्प्रेच्या घटनांत नुसती कुतूहलाने आलेली अस्वलंही बरीच होती. शिवाय वारा तोंडावर असेल तर स्प्रे आपल्याच डोळ्यांत. म्हणून मी दोन्ही बाळगतो : स्प्रे आधी, पिस्तूल नंतर. दोघं जण कामावर असलो तर एकाने स्लग (एकच जाड गोळी) भरलेली बारा बोअर बंदूक घेऊन नुसतं उभं राहायचं, हा सगळ्यांत चांगला बंदोबस्त. पण दुसऱ्या माणसाचा पगार कोण मंजूर करणार?

पिस्तुलाबाबत हेही माहीत असू द्या. स्वसंरक्षणात अस्वल मारलं तर ते तुमचं होत नाही. कातडं नखांसकट सोलून, कवटीसह राज्याच्या हवाली करायचं आणि पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यायचा. रक्ताने माखून, दुसरं अस्वल येईल या भीतीत ते सोलत बसण्याची कल्पना करून बघा.

बाकी किरकोळ. विमानात स्प्रे कुठल्याच सामानात चालत नाही, पिस्तूल मात्र कुलूपबंद पेटीत सांगून नेता येतं. गंमतच आहे. कॅनडातून गाडीने यायचा विचार असेल तर हँडगन विसरा.

आता ऑक्टोबर संपत आला, अस्वलं गुहांकडे निघालीत. काल पिस्तूल उघडून पुसलं, थंडीत घट्ट होणारं तेल काढून टाकलं. रोज रात्री चेंबर रिकामा करून सकाळी तेच काडतूस परत भरत होतो. ते मोजपट्टीवर धरलं तर गोळी आत दबून काडतूस बाकीच्यांपेक्षा आखूड झालेलं. तसंच झाडलं असतं तर दाब कुठे गेला असता कोणास ठाऊक. आता चेंबरमधल्या काडतुसाच्या बुडावर मार्करने टिंब काढतो. तीन टिंबं झाली की ते रेंजच्या डब्यात.