ताक, कोकम, शहाळं की उसाचा रस?

उन्हाळ्यात घरात रोज एक पेय ठेवायचं झालं, तर माझं मत ताकाला. पण ते सगळ्यांना सारखं लागू नाही, म्हणून एकेक शेजारी ठेवून बघू.

ताकात साखर जवळजवळ नसते. वाटीभर दह्यात तीन-चार पेले होतात. दूध पचत नाही अशा बऱ्याच जणांना दही-ताक चालतं, कारण विरजण लागताना दुधातली काही साखर जिवाणू खाऊन टाकतात. अडचण मिठाची. घरी चिमूटभरच घालावं, चव जिरेपूड, हिंग आणि आल्यावर सोपवावी. पाकिटातलं मसाला ताक घेणार असाल, तर त्यावरचं सोडियम वाचून घ्या.

कोकमाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. दुकानात दोन बाटल्या शेजारी उभ्या असतात: सरबताचा अर्क आणि आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस. सरबतासाठी कोकमाच्या सालींत साखर भरून पाक सुटू देतात, म्हणून बाटलीवरच्या यादीत बहुतेक वेळा साखर पहिली दिसते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, त्यामुळे पहिला शब्द वाचला तरी पुष्कळ कळतं. आगळात साखर नसते, पण ते मिठावर टिकवलेलं. म्हणजे मधुमेह असेल तर पहिली बाटली नको, रक्तदाब असेल तर दुसरी जपून. दोन्ही टाळायच्या तर सुकी आमसुलं तासभर पाण्यात भिजवून कुस्करावीत, जिरं घालावं आणि गूळ आपल्या हाताने, आपल्या हिशेबाने. मला तरी बाटलीपेक्षा हीच चव आवडते. नारळाचं दूध घालून सोलकढी केली की ते जेवणाच्या पानातलं झालं, तहानेचं पेय राहिलं नाही.

उसाचा रस मात्र रोजचा नव्हेच. नैसर्गिक आहे हे खरं, पण एका मोठ्या पेल्यात तीस ग्रॅमच्या आसपास साखर सहज जाते. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीतही साधारण तेवढीच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ च्या आत राहा म्हणते, आणि फळांच्या रसातली साखरही त्यातच मोजते. रसवंतीवर थांबलात तर हाफ घ्या, आलं-लिंबू घालून, बिनबर्फाचा. बर्फ कुठल्या पाण्याचा, ते कळायला मार्ग नसतो.

शहाळ्यात साखर बेताची, पोटॅशियम भरपूर. उन्हात राबून आल्यावर उत्तम. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यांच्या शरीराबाहेर पोटॅशियम नीट पडत नाही. शिवाय शहरात एका शहाळ्याच्या पैशांत घरभर ताक होतं.

लिंबू सरबत साखर किती घालता त्यावर. जेवणासोबत बिनसाखरेचं घेतलं, तर पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह शोषायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेण्याने नेमकं उलटं होतं, तो तासाभराने घ्यावा.

जुलाब-उलट्या होत असतील तर यांतलं काहीही मुख्य उपाय म्हणून चालणार नाही. तिथे औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात.