विधानसभा की पदवीधर मतदारसंघ?

परभणीच्या एका तरुण कार्यकर्त्याचा प्रश्न: आमदारकीची लांब कारकीर्द करायची तर वाट कोणती धरू?

विधानसभेला वयाची अट 25, मुदत 5 वर्षं. खरा कस मात्र रोजच लागतो. सकाळी सातलाच दारात माणसं. कुणाचा विजेचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळालेला, कुणाच्या वस्तीवर टँकर पोचलेला नाही. कंधारचे केशवराव धोंडगे अशा माणसांच्या जोरावरच पुन्हा पुन्हा निवडून आले आणि सभागृहही गाजवलं. मला ही कमाई फार मोठी वाटते.

पदवीधर म्हणजे विधान परिषदेची जागा, मतदार फक्त पदवीधर. तिथं वय 30, मुदत 6 वर्षं. मतदारसंघ मात्र अख्खा मराठवाडा, आठ जिल्हे. दर निवडणुकीला मतदारनोंदणी नव्यानं, अर्धी लढाई तिथंच.

तालुक्यात मुळं असतील तर विधानसभाच लढव. शिक्षण, नोकरभरतीचे प्रश्न धसाला लावायचे असतील तर पदवीधर.