चालू मदरबोर्ड ‘उडाला’ सांगून दहा हजार घेतले: कॉम्प्युटर दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा

प्रोसेसर बदलल्यावर माझ्या कॉम्प्युटरला डिस्प्ले आला नाही. दुकानदाराने मदरबोर्ड आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) दोन्ही उडाल्याचं सांगून माझ्याकडून १०,००० रुपये घेतले. दोन्ही वस्तू शाबूत होत्या. वर रॅमची एक स्टिकही परस्पर बदलली. घरी कॉम्प्युटरवर पोट असणारे माझ्यासारखे पुष्कळ लोक आहेत, आणि नवा पार्ट टाकल्यावर मशीन सुरू न होणं ही रोजची गोष्ट आहे. त्याच वेळी माणूस सर्वांत जास्त अडलेला असतो आणि नेमकं तिथेच गाठलं जातं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी सांगलीत घरून डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं वर्षभर असतात, पण गणपतीच्या आसपास दिवाळी अंकांची पानं लावायला येतात तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. मशीन २०१९ सालचं: बी४५० चिपसेटचा बोर्ड, रायझन ३ २२००जी प्रोसेसर, आणि मागाहून वाढवलेल्या आठ-आठ जीबीच्या ३२०० स्पीडच्या दोन रॅम. मोठ्या फाइली उघडताना ते अडखळायला लागलं, म्हणून दुकानात विचारलं. त्यांनी बोर्डचं मॉडेल विचारून घेतलं आणि रायझन ५ ५६००जी सुचवला. ‘सॉकेट तेच आहे ताई, काढायचा आणि बसवायचा,’ असं सांगितलं. सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा. प्रोसेसर त्यांच्याकडूनच घेतला आणि बसवायला त्यांचाच मुलगा घरी आला.

पंखे फिरले, कॅबिनेटचा दिवा लागला, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. मी टॉर्च धरून शेजारीच उभी होते. बोर्डच्या कडेला, रॅमच्या जवळ, ‘सीपीयू’ अशी बारीक अक्षरं छापलेला एक लाल ठिपका पेटून राहिला होता. मुलाने तो पाहिला आणि लगेच पॉवर बंद केली. जुना प्रोसेसर परत लावून बघा ना, असं मी म्हटलं. तो म्हणाला, ‘आता त्याचा काही उपयोग नाही, दुकानात न्यावं लागेल.’ ते एवढंसं काम त्याने केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. म्हणूनच ते केलं गेलं नाही, असं आता मी ठामपणे म्हणते.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. ‘ताई, बोर्ड गेला. एसएमपीएसने मारलाय. दोन्ही बदलावे लागतील, नाहीतर नवा प्रोसेसरपण जाईल.’ नवा प्रोसेसर जाईल ही भीती घातली की माणूस पुढचं काही विचारत नाही. बोर्डचे ६,५००, एसएमपीएसचे २,९०० आणि मजुरी ६००. पक्कं बिल मागितलं तर ‘जीएसटी वेगळा लागेल, १८ टक्के वाढतील’ हे उत्तर. एका कोऱ्या कागदावर आकडे लिहून दिले. विंडोजचा पासवर्डही मागितला. ज्या मशीनला डिस्प्लेच येत नाही त्याला पासवर्ड कशाला लागतो, हे विचारल्यावर विषय बदलला. पासवर्ड मी दिला नाही. गिऱ्हाइकांचे मजकूर, फोटो, पत्ते सगळं त्यात असतं.

मशीन घरी आलं आणि चालू झालं. पण विंडोज ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणायला लागलं. मशीनसोबत आलेलं लायसन्स बोर्डशी बांधलेलं असतं, त्यामुळे बोर्ड बदलला की असं होऊ शकतं. दुकानातून त्याचेही वेगळे पैसे सांगितले गेले.

गौरीच्या सणाला भाचा पुण्याहून आला. त्याने टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहिली. ‘मावशी, तुझ्या रॅम ३२०० च्या होत्या ना? इथे २४०० दिसतंय.’ सीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या रॅमची कंपनी आणि पार्ट नंबर दिसतो. एक स्टिक माझी होती, दुसरी भलत्याच कंपनीची २४०० ची. दोन वेगळ्या स्पीडच्या रॅम एकत्र लावल्या की दोन्ही कमी स्पीडने चालतात. एकूण आकडा मात्र १६ जीबीच राहतो, म्हणून घरी कोणाच्या लक्षात येत नाही. ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्ससुद्धा हीच रॅम वापरतं, तेव्हा हा फटका दुहेरी.

मग त्याने कॅबिनेट उघडलं. ‘नव्या’ बोर्डच्या स्क्रूच्या भोकांभोवती गोल ओरखडे होते. एकदा कसून काढलेल्या स्क्रूचे असतात तसे. सॉकेटच्या कडेला वाळलेली जुनी थर्मल पेस्ट, प्रोसेसर आणि त्याच्या पंख्याच्या मध्ये लावतात ती. कॅबिनेटच्या मागे पोर्टांभोवती बसते ती पत्र्याची पट्टी नव्हतीच. बोर्डचा खोका दुकानातून मिळालेला नव्हता, आणि तो का मिळाला नाही हेही तिथेच कळलं.

खरं कारण त्याने मला दाखवलं ते बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर. प्रत्येक मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकापुढे कमीत कमी कोणतं बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) हवं ते लिहिलेलं असतं. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१७ पासून पुढच्या अनेक पिढ्यांना तेच राहिलं, त्यामुळे नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात नीट बसतो. पण बोर्डवरच्या छोट्या चिपमधलं बायोस २०१९ चं असेल तर २०२१ साली बाजारात आलेला ५६००जी त्याला ओळखताच येत नाही. पंखे फिरतात, सीपीयूचा दिवा पेटतो आणि मशीन तिथेच थांबतं. काहीही जळलेलं नसतं. जुना प्रोसेसर लावायचा, एफएटी३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट करायचं, मग नवा बसवायचा. अपडेट चालू असताना वीज जाऊ द्यायची नाही, यूपीएस हवाच. काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्यावर तर प्रोसेसर नसला तरी अपडेट होतं. इंटेलमध्येही हेच आहे: ६०० मालिकेच्या बोर्डवर तेराव्या पिढीचा प्रोसेसर लावायचा तर आधी बायोस बघावं लागतं. प्रोसेसर विकणाऱ्याला हे माहीत नसतं असं मला कोणी सांगू नये.

अपग्रेडनंतर मशीन न उठण्याची बाकीची कारणंही बहुतेक अशीच फुकटची असतात. रॅम ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत बसलेली नसते. प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याची वरच्या कोपऱ्यातली वेगळी वायर निघालेली असते. ग्राफिक्स कार्ड टाकलं पण त्याची पॉवर केबल राहिली, किंवा मॉनिटरची केबल अजून बोर्डलाच आहे. ‘जी’ नसलेला रायझन ५ ५६०० किंवा नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेल घेतला, तर त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड नसेल तर डिस्प्ले येणारच नाही. नवी एम.२ एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी डिस्क) लावल्यावर काही बोर्डांवर साटाचे, म्हणजे केबलने डिस्क जोडायचे, एकदोन पोर्ट बंद होतात आणि जुनी डिस्क दिसेनाशी होते. ती मेली असं सांगून नवी विकतात. म्हणून कोणी काहीही ‘उडालं’ म्हटलं की पहिली मागणी ही करा: नवा पार्ट काढा, जुना लावा, माझ्यासमोर चालू करून दाखवा. काल चालणारं मशीन जुन्या पार्टवर आजही चालत असेल, तर बोर्ड गेलेला नाही.

जुना एसएमपीएस मी आग्रहाने परत आणला होता. बोर्ड मात्र दुकानातच होता, ‘स्क्रॅपमध्ये जातो’ म्हणून ठेवून घेतलेला. तो मागायला गेलो तेव्हा आधी टाळाटाळ झाली आणि मग एक बोर्ड पुढे आला. मॉडेल तेच, एका कोपऱ्यात काळा डाग. ‘बघा, जळालाय की नाही.’ माझ्याकडे २०१९ चा खोका होता आणि त्यावर सिरियल नंबरचा स्टिकर. बोर्डवरचा नंबर वेगळा निघाला. दुसऱ्या कोणाचा तरी मेलेला बोर्ड माझा म्हणून दाखवला जात होता! माझा चांगला बोर्ड तोवर कोणाच्या कॅबिनेटमध्ये ‘नवा’ म्हणून जायच्या वाटेवर होता, याचा अंदाज तुम्हीच करा. आमचाही ‘नवा’ कुणाचा होता कोण जाणे.

तिथे आवाज चढवला नाही. दोन्ही नंबरांचे फोटो काढले, घरी येऊन सगळा प्रकार तारखांसह लिहिला आणि स्पीड पोस्टने दुकानाला पाठवला. पैसे यूपीआयने दिलेले असल्यामुळे दुकानाचं नाव आणि रक्कम नोंदीत होती, आणि बोर्ड-एसएमपीएस गेल्याचा त्यांचा व्हॉट्सॲप मेसेजही. पत्र पोचल्यावर माझा बोर्ड सापडला. रॅमही ‘चुकून बदलली होती’. घरी त्याच बोर्डवर, जुन्या एसएमपीएसवर, २२००जी लावला आणि पहिल्याच झटक्यात डिस्प्ले आला. बायोसवर तारीख २०१९ ची. अपडेट केलं, ५६००जी बसवला, दोन्ही रॅम ३२०० वर आल्या, विंडोजचा संदेशही गेला. दिवाळी अंकाची शेवटची पानं मी त्याच मशीनवर लावली.

आता मशीन बाहेर देताना मी झाकण उघडून बोर्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएसच्या स्टिकरचे जवळून फोटो घेते, नंबर वाचता येतील असे. तेच नंबर दुकानाच्या पावतीवर लिहून सही घेते. एसएसडी किती तास वापरली आहे हे क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसतं. त्याचाही फोटो ठेवते, कारण परत आलेली डिस्क तीच आहे का हे त्यावरून कळतं. बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत हवा, हे आधीच लिहून देते. सही करायला जो दुकानदार कांकू करेल त्याच्याकडे मशीन सोडत नाही.

बोर्डचे ६,५०० दुकानाने त्यांचा बोर्ड परत घेऊन दिले. एसएमपीएस आणि मजुरीचे ३,५०० अजून दिलेले नाहीत, त्याची तक्रार मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरवर नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे. हेल्पलाइनने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. ज्यांचा असा व्यवहार झाला आहे त्यांनी कागद, मेसेज आणि यूपीआयच्या नोंदी पुसू नका. आयोगात तक्रार करायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.