एकच दिवस, अख्खं कुटुंब: व्हेनिस की ॲमस्टरडॅम?

युरोपच्या सहलीत कालव्यांच्या शहरासाठी एकच दिवस निघतोय, सोबत आई-बाबा आहेत आणि शाळकरी मुलंही. मग व्हेनिस करायचं की ॲमस्टरडॅम? फोटो घटकाभर बाजूला ठेवा आणि घरातल्या सगळ्यांत ज्येष्ठ माणसाच्या गुडघ्यांचा विचार आधी करा. माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

व्हेनिसमध्ये ४०० हून जास्त पूल आहेत आणि बहुतेक पुलांना पायऱ्या. जुन्या शहरात गाडी, बस, सायकल काहीच चालत नाही. एखाद्या गल्लीत आईचे पाय भरून आले, तर जवळच्या बोटीच्या थांब्यापर्यंत चालत जाण्यावाचून इलाज नसतो. ॲमस्टरडॅममध्ये पुलांना सहसा पायऱ्या नसतात, बहुतेक ठिकाणी जवळपास ट्राम मिळते. तिथे सांभाळायचं ते सायकलींना. सायकलमार्ग बहुधा लालसर रंगाचा असतो. त्यावर पाऊल टाकण्याआधी दोन्हीकडे बघायचं, हे मुलांना स्टेशनबाहेर पडतानाच बजावून ठेवा.

आता पाण्यावरचा फेरफटका. इथे व्हेनिसला तोड नाही, हे मनापासून सांगते. सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरलात की समोरच ग्रँड कॅनॉल. तिथून १ नंबरची व्हापोरेत्तो, म्हणजे तिथली सार्वजनिक बोट, पकडा. ती कधी या काठाला, कधी त्या काठाला लागत सुमारे पाऊण तासात सान मार्कोला, म्हणजे शहरातल्या मुख्य चौकापाशी, पोचते. वाटेत वाड्यांचे दरवाजे थेट पाण्यात उघडताना दिसतात, खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ दिसतं, आणि १५९१ साली पुरा झालेला रियाल्तोचा पूल डोक्यावरून सरकतो. आजी-आजोबांना बसल्या जागी अर्धं व्हेनिस बघून होतं. गोंडोलाचा अधिकृत दर दिवसा ३० मिनिटांना ९० युरो, तोही माणशी नाही, अख्ख्या बोटीचा; पाच जण बसतात. हौस असेल तर जरूर करा. पण पैसे जपायचे असतील तर व्हापोरेत्तोचा २४ तासांचा पास घ्या, तो जास्त उपयोगी पडतो.

ॲमस्टरडॅमची तासाभराची बोटफेरी सहसा काचेच्या छताच्या बंद बोटीतून असते, त्यामुळे पाऊस आला तरी बेत मोडत नाही. सतराव्या शतकातलं हे कालव्यांचं वलय २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुलांना घरांच्या माथ्यावरचे लोखंडी हूक दाखवा. आतले जिने इतके अरुंद की सामान बाहेरून दोरीने वर ओढून खिडकीतून आत घेतात.

मुलांच्या दृष्टीने ॲमस्टरडॅम सरळसरळ सरस आहे. रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ हे चित्र जिथे आहे त्या राइक्सम्युझियममध्ये १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, आणि नेमो विज्ञान संग्रहालयात सगळं हाताळून बघता येतं. नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकचं घर बघायचं असेल, तर तिकिटं फक्त संकेतस्थळावर मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखा खुल्या होतात. तिथले जिने फार उभे आहेत, ज्येष्ठांना आग्रह करू नका. व्हेनिसमध्ये दोजेचा, म्हणजे जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा, राजवाडा मोठ्यांना भारावून टाकतो. लहान मुलं मात्र तासाभरात कंटाळतात.

जेवणाचं म्हणाल, तर शाकाहाऱ्यांचं व्हेनिसमध्ये पिझ्झा-पास्त्यावर भागतं. ॲमस्टरडॅममध्ये सुरिनामी रोटी शोधा. १८७३ पासून मजूर म्हणून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, गेलेल्या भारतीयांच्या वंशजांनी ती नेदरलँड्समध्ये आणली. बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी असते. सोबत बहुधा अंडं येतं, नको असेल तर आधीच सांगा.

एकच दिवस आणि तीन पिढ्या असतील, तर मी ॲमस्टरडॅमच सुचवेन. सगळ्यांचे पाय धड असतील आणि रात्रीचा मुक्काम जमत असेल, तर मात्र बेधडक व्हेनिस. संध्याकाळी दिवसभराची गर्दी परतते आणि गल्ल्या मोकळ्या होतात. वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना तिथे प्रवेशशुल्क भरावं लागतं. १४ वर्षांखालच्या मुलांना ते नाही. व्हेनिसमध्ये किंवा रेल्वेने जवळच असलेल्या मेस्त्रेमध्ये मुक्काम असेल तरीही माफ आहे, पण त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते, तेवढी निघण्यापूर्वी करून ठेवा.